उजव्या कानातल्या सासूबाई

त्या घरात आजवर झालेली प्रत्येक मोठी खरेदी फसलेली होती. कपाट आलं ते दारातून आत जाईना. पंखा आला तो वारा सोडून बाकी सगळं देई. सोफा असा निघाला की त्यात बसलेल्या माणसाला उठवायला दुसरा माणूस लागे. त्यामुळे बारकीने जेवताना जेव्हा जाहीर केलं की कीबोर्ड मी निवडणार, एकटी निवडणार आणि असा निवडणार की त्याला नाव ठेवायला कुणाला जागा सापडणार नाही, तेव्हा सासूबाईंनी भाजी वाढता वाढता नुसतं "बरं" म्हटलं. त्या घरात "बरं"चे अर्थ पुष्कळ होते. हा त्यातला "बघूच" होता.

बारकी हे तिचं बँडमधलं नाव. कीबोर्डच्या स्टँडमागे उभी राहिली की प्रेक्षकांना फक्त केसांचा अंबाडा दिसायचा, म्हणून बारकी. लग्नाच्या आधीपासून ती त्या बँडमध्ये होती. कंपन्यांची संमेलनं, हॉटेलांतल्या मेजवान्या, कुणाचा तरी निरोपसमारंभ, जिथे बोलावतील तिथे बँड जायचा आणि बारकी वाजवायची. मग बाळ झालं आणि बारकी घरी बसली. बसली असं आपलं म्हणायचं. त्या दिवसापासून तिला बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तिच्या जागी तोवर कप्तानाचा पुतण्या आला. कप्तान म्हणजे बँडचा गायक आणि मालक. गाडी त्याची, सामान त्याचं आणि चूक मात्र नेहमी दुसऱ्याची, म्हणून कप्तान. त्याने अचानक फोन केला. एका कंपनीचा वार्षिक कार्यक्रम होता आणि पुतण्या नेमका परगावी चालला होता. येशील का, म्हणाला. पूर्वीसारखं जमलं तर तुझी जागा तुझी. फक्त जुना कीबोर्ड आता पुतण्याचा, तेव्हा तुझं सामान तू आण.

तुझी जागा तुझी! बारकीने फोन ठेवला तेव्हा तिच्या एका खांद्यावर बाळ होतं आणि दुसऱ्या खांद्यावर बाळाने मघाशी काढलेलं दूध. तरी तिला आपण एकदम उंच झाल्यासारखं वाटलं.

आता सामान. पूर्वीचा कीबोर्ड उचलायला दोन माणसं आणि एक शिवी लागायची. बारकीला एका हाताने उचलता येईल असा हवा होता, कारण दुसरा हात बाळाने कायमचा आरक्षित केलेला. म्हणून तिने ठरवलं की मिडी कीबोर्ड घ्यायचा. तो काय असतो हे तिने घरी समजावून सांगितलं. या कीबोर्डला स्वतःचा आवाजच नसतो. पट्टी दाबली की तो लॅपटॉपला फक्त कळवतो, अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली. मग पियानोचा, बासरीचा, जो काय आवाज असेल तो लॅपटॉप काढतो. आणि लॅपटॉपमधला आवाज नीट, दमदार बाहेर यावा म्हणून मध्ये एक डबी लागते. ऑडिओ इंटरफेस.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हुकूम एक करणार, राबणार दुसरा आणि आवाज तिसऱ्याचा. मग आणायचं कशाला? आपलं घर आहेच की."

नवरा चष्म्याच्या दुकानात नंबर काढायचा. त्यामुळे आयुष्यातला कुठलाही प्रश्न तो एकाच पद्धतीने सोडवी. हे बरं की हे बरं? आता हे बरं की मघाचं बरं? लग्न ठरवतानाही त्याने असंच काहीतरी केलं असावं असा बारकीचा संशय होता. त्याने कीबोर्डांची माहिती वाचायला घेतली आणि रोज रात्री दोन-दोन कीबोर्ड तिच्यासमोर धरले. याच्या पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड. त्याच्या हलक्या, पण दिवे लागतात. आता हे बरं की ते? कप्तानाने तर फोनवर निकालच देऊन टाकला होता. आवाज कसाही चालेल, पण स्टेजवर भारदस्त दिसला पाहिजे, लोकांना कीबोर्ड आणि इस्त्रीचं टेबल यांतला फरक लांबून कळला पाहिजे. सासूबाईंची अट एकच होती. ओल्या फडक्याने पुसता यावा.

दुकानात बारकी बाळाला कमरेवर घेऊनच गेली. दुकानदार पट्ट्या किती हव्यात, पॅड हवेत का, सूर वरखाली करायची चाकं हवीत का, असं विचारत होता आणि ती एका हाताने प्रत्येक कीबोर्ड वाजवून बघत होती. तिचे निकष कुठल्याच जाहिरातीत नव्हते. पट्टी दाबल्यावर खट्ट वाजता कामा नये, झोपलेलं माणूस जागं होतं. दिवे लुकलुकता कामा नयेत, जागं असलेलं माणूस त्यांना तोंडात घालायला धावतं. एका नावाजलेल्या कीबोर्डाची तपासणी बाळाने स्वतः केली. त्याचं एक गोल बटण तोंडात धरलं, जरा चोखलं आणि मान मागे घेतली, तेव्हा बटण तोंडातच होतं. तो कीबोर्ड बाद झाला. अखेर काळा, साधा, एकसष्ट पट्ट्यांचा, बाळाने चाटूनही ज्याचं काही सुटलं नाही असा निवडला गेला.

मग डबी. एक छोटी होती, एक मोठी. दोन्हींत माइक जोडायला जागा होती, छोटीत दोन. बारकीला ती छोटी दिसताक्षणी आवडली, कारण ती बाळाच्या पिशवीत दुपट्यांखाली मावत होती. दुकानदार बिचारा प्रामाणिक होता. तो म्हणाला, ताई, स्टेजवर वापरणार असाल तर एक लक्षात घ्या, मोठ्या डबीत तुमच्या कानात वेगळं आणि बाहेर स्पीकरला वेगळं पाठवता येतं, छोटीत जे कानात तेच बाहेर.

हे वाक्य म्हणजे या सगळ्या गोष्टीचा कणा. पण तो ते बोलत असतानाच बाळाने शेजारच्या झांजेवर पाय मारला, स्वतःच दचकलं आणि असं रडलं की बारकीला दुकानदाराचे नुसते ओठ हललेले दिसले. तिने समजुतीने मान डोलावली आणि छोटी डबी घेतली.

"दोन माइक कशाला?" नवऱ्याने विचारलं. "तू तर गात नाहीस."

"घरी चल, दाखवते," बारकी म्हणाली.

घरी तिने कीबोर्ड बाहेरच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर मांडला. कप्तान म्हणत होता तो फरक खरंच लांबून कळत नव्हता. मग एक माइक घेतला, त्याची लांब वायर दाराच्या फटीतून आतल्या खोलीत नेली आणि माइक पाळण्याच्या दांडीला बांधला. डबीवर एक खटका होता. तो वर केला की माइकमध्ये शिरलेला आवाज तिथल्या तिथे हेडफोनमध्ये येई. म्हणजे बाळ झोपलं की ती दार लावून सराव करणार, आणि ते जरा कुरकुरलं तरी तिला कळणार. नवऱ्याने डबीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि पहिल्यांदाच "हे बरं" एवढंच म्हणून थांबला.

ते होतंच तसं. दोन्ही कानांत पियानो, आणि उजव्या कानात, पियानोच्या खाली कुठेतरी, बाळाचा श्वास. झोपेत त्याच्या नाकात बारीकशी शिट्टी वाजायची. कधी ते स्वप्नात दूध प्यायचं आणि चुटुकचुटुक आवाज यायचा. बारकीची बोटं बाळंतपणानंतर गंजलेल्या बिजागरीसारखी झाली होती, पण तो श्वास ऐकत ऐकत ती हळूहळू सैल झाली. कधीकधी तिच्याही नकळत गाण्याची लय त्या श्वासाशी जुळे आणि ती तशीच वाजवत राही, गाणं संपलं तरी.

पण बाळासोबत आणखी कुणीतरी कानात आलं. सासूबाई. बाळाची झोप चाळवली की त्या आत जात, पाळणा हलवत आणि गात. गात म्हणजे, अंगाईचे शब्द त्यांना एकही येत नव्हते. चाल होती, तीत त्या दिवसभराच्या तक्रारी बसवायच्या. वरच्या मजल्यावरचा नळ, लेकाचं घोरणं, चहाचं गाळणं, सगळं एका चालीत. शेवटी नीज रे बाळा. माइक त्यांना दिसत होता, पण त्यांची ठाम समजूत अशी होती की ते बाळाच्या रडण्याचं यंत्र आहे आणि ते फक्त रडणं पकडतं. बोलणं त्याला काय कळणार?

बारकी रोज ठरवायची की आज सांगू. पण सांगणं राहून गेलं, कारण त्यात फायदा फार होता. दुपारी सासूबाई पाळण्याशी म्हणत, नीज रे बाळा, तुझ्या आईला गाळणं जागेवर ठेवता येईना. संध्याकाळी गाळणं जागेवर. नीज रे बाळा, माझी उशी कुणाला दिसेना. रात्री उशीला नवा अभ्रा. सासूबाई चकित झाल्या. शेजारणीला सांगू लागल्या की सून सुधारली हो, ती मुकी पेटी घरात आली आणि पोरगी सुधारली. पेटीचा आवाज मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता. दाराशी कान लावला तर नुसती बोटांची टकटक. सून तासन्‌तास मुक्या लाकडावर बोटं आपटते आणि वर डोळे मिटून डोलते, हे बघून त्यांना आधी काळजी वाटली होती. नंतर सवय झाली.

म्हणजे घरात एकदाही स्पीकर जोडला गेला नाही. डबीतून बाहेर काय जातं ते बघायची वेळच आली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी बारकी आधी पोचली. कप्तानाने टेबलासारख्या दिसणाऱ्या त्या कीबोर्डकडे बघून उसासा टाकला, पण आवाज तपासताना काही बोलला नाही. पियानो घरंदाज वाजत होता. मग नवरा, सासूबाई आणि बाळ आले. स्टेजच्या पाठीमागेच मेकअपची खोली होती, तिथे सासूबाई बाळाला घेऊन बसल्या. नवऱ्याने लांब वायर पडद्याखालून, दाराच्या फटीतून आत नेली आणि माइक आरशाच्या कडेला बांधला. बारकीने खटका वर केला. उजव्या कानात बाळाची शिट्टी सुरू झाली. आता जग बुडालं तरी हरकत नव्हती.

पहिलं गाणं दणक्यात झालं. ड्रमवाला असा पेटला होता की सासूबाईच काय, ढग गडगडले असते तरी कळलं नसतं. बारकीची बोटं धावत होती. कप्तानाने मागे वळून भुवया उंचावल्या. ही शाबासकी होती, ती वर्षाला एकदा मिळे.

दुसरं गाणं कप्तानाचं लाडकं. विरहाचं. ड्रम नाही, गिटार नाही, फक्त तो आणि पियानो. दिवे निळे झाले. प्रत्येक ओळीनंतर कप्तान डोळे मिटून थांबायचा, लोकांना रडायला वेळ मिळावा म्हणून. पहिली ओळ झाली. तो थांबला. हॉल नि:शब्द झाला.

आणि उजव्या स्पीकरमधून खणखणीत आवाज आला, "शी केलीस का रे लबाडा?"

हॉलची उजवी बाजू फुटली. डाव्या बाजूचे लोक, आपलं काय चुकलं म्हणून, माना वळवून बघू लागले. बारकीने वाक्य नेहमीप्रमाणे उजव्या कानात ऐकलं आणि मनात म्हणाली, दुपटी निळ्या पिशवीत आहेत, सापडतील त्यांना. लोक हसताना तिला दिसले. तिने कप्तानाची पॅंट तपासली. सगळं जागच्या जागी होतं. कुणी तरी खुर्चीवरून पडलं असेल, असं म्हणून तिने पुढचे स्वर धरले.

कप्तान कसलेला होता. तो पुढे गायला. ओळीचा आशय असा की तू निघून गेलीस, आता मागे काय उरलं? हे त्याने फार आर्ततेने विचारलं. मागे काय उरलं ते उजव्या स्पीकरने रंग, आकार आणि सकाळच्या तुलनेत फरक, असं सविस्तर सांगितलं.

हॉलच्या मागच्या टोकाला, बटणांच्या टेबलाशी, साउंडवाला बसला होता. त्याला वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. गंमत चांगली आहे, पण एकाच बाजूला का ऐकू येते? त्याने कर्तव्य म्हणून ती दोन्ही बाजूंना फिरवली आणि जरा वाढवली.

आता नवरा उठला. तो मधल्या रांगेत होता आणि बायकोला खुणा करू लागला. आधी त्याने स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. बारकी समजली, छान ऐकू येतंय. मग त्याने स्टेजमागे हात केला. बाळ मजेत आहे. मग एक कान तळव्याने झाकून दाखवला. रोज लोकांना एक डोळा झाकायला सांगणारा माणूस, तिला वाटलं, सवय. शेवटी त्याने दोन्ही हातांनी ओठांवर कुलूप लावल्यासारखं केलं. याचा अर्थ तिला नीट लागला नाही, पण ओठांचा विषय दिसतोय तेव्हा हसावं, म्हणून ती छान हसली. कप्तानाने ते हसणं बघितलं.

तेवढ्यात आत मेकअपवाली आली असावी. कोण गातंय, असं तिने विचारलं.

"सुनेचा साहेब," सासूबाई म्हणाल्या.

घसा बसलाय का त्यांचा?

"नाही गं. आहेच तसा."

लोक आता ओळींच्या मधल्या शांततेची वाटच बघू लागले होते. कप्तानाने थांबणं बंद केलं. जिथे श्वास घ्यायचा तिथेही घेईना. त्यामुळे त्याचा चेहरा निळ्या दिव्यातही लाल दिसू लागला. नवरा खुर्च्यांमधून वाट काढत मागच्या दाराकडे धावला. आणि त्या सगळ्या हशाने आत बाळ जागं झालं.

ते रडायला लागलं. दोन्ही बाजूंच्या स्पीकरांतून. बारकीचा जीव वरखाली झाला, पण लगेच उजव्या कानात नेहमीची चाल सुरू झाली आणि ती निवांत झाली. सासूबाई गाऊ लागल्या होत्या.

"नीज रे बाळा, दुपारी फोन आला,
तुझी आई आंघोळीला, मीच घेतला.
कप्तान म्हणतो, आजच्यापुरतं येऊ दे तिला,
पुढच्यापासून पुतण्यालाच घेतला.
नीज रे बाळा, तिला नाही सांगितलं,
आज तरी सुखाने वाजवू दे म्हटलं."

बारकीचा डावा हात भलत्याच पट्ट्यांवर पडला.

तुझी जागा तुझी! म्हणजे जागा नव्हतीच. ती रोज इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहून ज्या खुर्चीसाठी बोटं झिजवत होती ती आधीच दिली गेली होती, आणि हे माहीत असूनही दुपारपासून सासूबाई तिच्या डब्यात पोळ्या भरत होत्या, तिच्या केसांना पिन लावत होत्या. तिने कप्तानाकडे बघितलं. त्याने गाणं सोडलं होतं. त्याच्या कपाळावरून घाम टपटपत होता. हा का घामेजलाय, तिच्या मनात आलं, माझ्या कानातलं याला कसं कळलं?

त्याच क्षणी उजव्या कानात दार आपटलं आणि नवऱ्याचा धापा टाकणारा आवाज आला. "आई, गप्प बस. सगळं बाहेर हॉलमध्ये ऐकू येतंय."

बाळाने एक हुंदका दिला.

"सगळं?" सासूबाई म्हणाल्या.

"सगळं. शी धरून."

"मग? त्यातलं खोटं काय बोलले मी?"

बारकीने हेडफोनचा एक कान वर केला. "खोटं काय बोलले मी" हे शब्द हॉलच्या छतापाशी अजून घुमत होते. समोर सगळी कंपनी बसली होती, शिपायापासून मोठ्या बाईंपर्यंत, आणि सगळ्यांचे डोळे तिच्यावर. मघापासूनचं एकेक हसू, नवऱ्याची एकेक खूण, सगळ्याचा अर्थ तिला एकदम लागला. दुकानदाराचे हललेले ओठसुद्धा तिला आता स्पष्ट ऐकू आले.

कप्तान माइकवर हात ठेवून दातांतून म्हणाला, "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

खटका तिच्या बोटाखालीच होता. खाली ओढला की संपलं. कप्तान उरलेलं गाणं गाईल, लोक टाळ्या वाजवतील, ती सामान गुंडाळून घरी जाईल आणि पुतण्या पुढच्या कार्यक्रमाला तिच्या जागी उभा राहील. आणि भिंतीपलीकडे बाळ रडत होतं. खटका खाली गेला असता तर तेही तिला ऐकू आलं नसतं.

तिने बोट काढून घेतलं.

सासूबाईंची चाल तिला कधीची पाठ होती. फक्त सासूबाईंचा सूर कुठल्याच पट्टीवर नसायचा, दोन पट्ट्यांच्या फटीत असायचा. तिने लॅपटॉपमध्ये पियानोचा सूर केसभर चढवला, दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले आणि त्या चालीखाली एकेक स्वर अंथरत गेली. हळू. पाळणा हलवतात तसं.

मग स्पीकरमधून सासूबाईंचा आवाज आला, पण मघापेक्षा वेगळा. "हे कोण वाजवतंय?"

"तीच, आई."

"म्हणजे ती पेटी वाजते?"

कुणी हसलं नाही. पियानो चालूच होता. सासूबाईंनी बहुधा बाळाला खांद्यावर घेतलं, कारण त्याचा हुंदका माइकच्या अगदी जवळ आला. मग घसा साफ केला. हॉल ऐकतोय हे कळल्यावर त्यांनी दुसरं कडवं जरा बेतून घेतलं. त्यात इथल्या मेकअपच्या खोलीत टेकायला पाठीची एक खुर्ची नाही, चहा गारढोण, आणि सून मात्र घरी मुक्याने बसून इतकं शिकली की ते मला आज भिंतीपलीकडून कळावं, असं सगळं आलं. शेवटच्या ओळीत आवाज जरा अडकला. बारकी तिथे थांबली, सासूबाईंनी श्वास घेईपर्यंत एकच स्वर धरून ठेवला, आणि त्या आल्यावर दोघी मिळून पुढे गेल्या. नीज रे बाळा.

अंगाई इतकी रंगली की पहिल्या रांगेतले दोन अधिकारी खुर्चीतच झोपले. बाळ मात्र टक्क जागं होतं आणि जोरजोरात हसत होतं, स्पीकरवर.

टाळ्या थांबेनात. कंपनीच्या मोठ्या बाई स्वतः स्टेजवर आल्या. म्हणाल्या, दरवर्षी हाच बँड, तीच गाणी, पण असं काही पहिल्यांदाच ऐकलं. कुणाची कल्पना?

कप्तानाने माइकवरचा हात काढला. एका क्षणात त्याचा घाम वाळला. "आमचा नवा प्रयोग आहे," तो नम्रपणे म्हणाला. "बरेच महिने त्यावर काम चालू होतं."

आणि ते पुतण्याचं काय, मोठ्या बाईंनी विचारलं, कारण सगळ्या हॉललाच ते विचारायचं होतं.

"तेही त्यातलंच. नाटक. ही आमची कायमची." त्याने बारकीच्या खांद्यावर हात ठेवला. तीनशे माणसांसमोर, दोन्ही स्पीकरांतून. माइकवर बोललेला शब्द परत पोटात जात नाही हे त्या संध्याकाळी तिथे सगळ्यांनाच कळलेलं होतं. मोठ्या बाई म्हणाल्या, मग आमच्या दुसऱ्या शाखेतही हेच होऊ दे, पण हीच माणसं हवीत, एकही बदलायचं नाही. अर्थातच, कप्तान म्हणाला.

त्या रात्री घरी सासूबाईंनी एवढंच विचारलं की म्हणजे घरी पण रोज ऐकू येत होतं का, बारकीने मान खाली घालून हो म्हटलं, आणि सासूबाई बराच वेळ विचार करून म्हणाल्या, तरीच गाळणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानाचा फोन आला. बारकी तयारच होती. आता जागा तिची होती आणि ती पक्की करून घ्यायची हीच वेळ होती. तिने भराभर अटी सांगितल्या. आता डबी मोठी घेणार, कानातलं कानात आणि बाहेरचं बाहेर. बाळासाठी वेगळी खोली पाहिजे, तिथे टेकायला पाठीची खुर्ची. आणि पुतण्याचा विषय पुन्हा निघता कामा नये. कप्तान प्रत्येक अटीला हो म्हणत होता. इतक्या पटकन की तिला शंका यायला हवी होती.

"सगळं कबूल," तो म्हणाला. "आता जरा आईंना फोन दे."

सासूबाई फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटलं. बारकी बाहेर बाळाला भात भरवत बसली. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सासूबाईंनी फोन टेबलावर ठेवला आणि पदराने कपाळ टिपलं.

"काय म्हणाला?"

"तारखा विचारत होता. विचार करून कळवते म्हटलं."

"आणि माझं?"

"तुझंही काढलं मी, कसं नाही काढणार? घेऊ म्हणाला. साथीला." त्यांनी बाळाचं तोंड पुसलं, त्याला नीट बारकीच्या कडेवर बसवलं आणि तिचा खांदा धरून तिला दाराकडे वळवलं. "जा, याला जरा बाहेर फिरवून आण. मला दोन कडवी बसवायचीयेत. समोर कुणी असलं की मला सुचत नाही."